एका लांबलचक शब्दाची फोड

१९३५ सालच्या फेब्रुवारीत ‘नॅशनल पझलर्स लीग’ या अमेरिकेतल्या कोडेबाजांच्या मंडळाची सहामाही सभा न्यूयॉर्कमधल्या एका हॉटेलात भरली. शब्दकोडी रचायची, सोडवायची, अक्षरे उलटसुलट करून नवे शब्द काढायचे, हा या मंडळाचा १८८३ पासूनचा उद्योग. इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, हा तिथला आवडीचा वाद. त्या वर्षीचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो वाद एक नवा शब्द घडवून निकालात काढला. ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ने २३ फेब्रुवारीला त्याची बातमी दिली. शब्द असा:

न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस.

रोमन लिपीत ४५ अक्षरे. अर्थ, ज्वालामुखीची अतिसूक्ष्म सिलिकायुक्त धूळ छातीत गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार. चारच वर्षांनी वेब्स्टरच्या मोठ्या कोशाच्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. पुढे ऑक्सफर्डनेही त्याला घेतले, पण हा मुख्यतः लांब शब्दाचा नमुना म्हणूनच वापरला जातो, असे बजावून. एकाही डॉक्टरने तो रोग्याच्या कागदावर लिहिण्यासाठी घडवलेला नाही. आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत मुले तो एका दमात म्हणून दाखवतात आणि टाळ्या घेतात. टाळ्यांनंतर शब्दाकडे कुणी पाहत नाही. तो उघडून पाहण्याजोगा मात्र आहे, कारण त्याच्या पोटात एक खरा शब्द आणि एक खरा रोग दडलेला आहे.

आधी उच्चार. इंग्रजीत ज्याला सिलेबल म्हणतात, म्हणजे एका स्वराभोवती जमलेला आणि एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनींचा तुकडा, त्याला आपले छंदशास्त्र अक्षर म्हणते. पण मराठीत ‘अक्षर’ दोन अर्थांनी चालते, एक डोळ्यांचे आणि एक कानांचे. वरचा शब्द देवनागरीत लिहून डोळ्यांनी मोजला, तर बावीस अक्षरे भरतात: न्यू, मो, नो, अ, ल्ट्रा, मा, य, क्रो, स्को, पि, क, सि, लि, को, व्हॉ, ल्के, नो, को, नि, ओ, सि, स. इंग्रजी कोश मात्र एकोणीसच सिलेबल देतात. मग तीन गेली कुठे? ‘माय’मधला य, ‘पिक’मधला क आणि शेवटचा स ही ती तीन. लिहिताना ती पुरी दिसतात, बोलताना त्यांच्यातला अ आपण गिळतो. ‘घर’ लिहिताना दोन अक्षरे आणि बोलताना एक, तोच हा प्रकार. तिन्हींचे पाय मोडून मोजले की हिशेब जमतो: न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय्-क्रो-स्को-पिक्, सि-लि-को, व्हॉल्-के-नो, को-नि-ओ-सिस्.

एकोणीस म्हटल्यावर मराठी कानाला एक वृत्त आठवायलाच हवे. मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित! चरणात एकोणीस अक्षरे, गण म-स-ज-स-त-त-ग, यती बाराव्या अक्षरावर. गंमत म्हणून हा शब्द त्या साच्यात घालून पाहिला. पहिल्या गणाला तिन्ही गुरू लागतात, न्यू-मो-नो चोख बसतो. दुसऱ्या गणाला लघु-लघु-गुरू हवे, तिथे अल्-ट्रा-माय् तिन्ही गुरू येतात आणि चाल अडखळते. पण चौथ्या गणाच्या जागी सि-लि-को पुन्हा हुबेहूब लघु-लघु-गुरू, आणि बाराव्या अक्षरावरची यती नेमकी ‘सिलिको’ संपतो तिथेच पडते. एकोणिसांपैकी बारा जागी लघु-गुरू जुळतात. अंतरपाटाआडून कुणी हा शब्द आळवला, तर भटजींना संशय यायला थोडा वेळ लागेल. (वृत्तात आपण लिहिलेले प्रत्येक अक्षर पुरे उच्चारतो, म्हणून हा खेळ पाय मोडून लिहिल्यावरच जमतो, हे छंदशास्त्र्यांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.)

इंग्रज माणूस या एकोणिसांपैकी अठराव्या अक्षरावर, ‘ओसिस’मधल्या ओवर, सर्वांत जास्त भार देतो. तिथवर पोचेपर्यंत कुठे जोर द्यायचा आणि कुठे सोडायचा, यातच त्याची त्रेधा उडते. मराठीत असा आघात नाही. आपण सगळी अक्षरे साधारण सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे देवनागरीत लिहून दिला तर हा शब्द आपल्याला इंग्रजापेक्षा सोपा जातो, असे माझे मत आहे. शिवाय रोमन लिपीत सुरुवातीलाच एक पी उभा असतो, ज्याचा उच्चार करायचा नसतो, ती अडचण देवनागरीत येतच नाही.

तो पी तिथे का आहे, हे मात्र पाहण्यासारखे आहे. ग्रीकमध्ये श्वासाला, वाऱ्याला ‘प्नेउमा’ म्हणत आणि त्यातला प स्पष्ट ऐकू येई. जर्मन आणि फ्रेंच माणसे अजूनही असे शब्द प उच्चारून म्हणतात. इंग्रजी जिभेला शब्दाच्या तोंडाशी ‘प्न’ चालत नाही, म्हणून तिने प गिळला. आधी स्वर आला की तोच प जिवंत होतो: झोपेत श्वास अडण्याच्या विकाराला आपण ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतो, त्यातला प आपण सगळेच उच्चारतो.

फुप्फुसाचा ग्रीक शब्द आधी ‘प्लेउमोन्’ असा होता. श्वासवाचक ‘प्नेउमा’च्या सहवासाने त्यातल्या ल चा न झाला आणि ‘प्नेउमोन्’ रूढ झाला. मूळचा ल लॅटिनने ‘पुल्मो’मध्ये सांभाळला, म्हणूनच छातीच्या डॉक्टरला आपण पल्मनॉलॉजिस्ट म्हणतो आणि छातीच्या रोगाला न्यूमोनिया. संस्कृतातला ‘क्लोमन्’ हा शब्द, ज्याचा अर्थ कोशांत उजवे फुप्फुस असा दिला जातो, तोही याच कुळातला मानतात. याच श्वासकुळातून आणखी एक शब्द आला, न्यूमॅटिक, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणींत आणि बोगद्यांत न्यूमॅटिक ड्रिल आले. हाताने छिन्नी मारून जेवढी धूळ उडे, त्याच्या कितीतरी पट धूळ हे यंत्र तासाभरात उडवू लागले. श्वासाच्या नावाचे यंत्र माणसाच्या श्वासावर उठले.

बाकीचे तुकडे पटकन उरकता येतात. ‘अल्ट्रा’ लॅटिन, पलीकडे या अर्थी. ‘मायक्रो’ ग्रीक, सूक्ष्म. ‘स्कोपिक’ ग्रीक, पाहण्यासंबंधीचे. ‘सिलिको’ लॅटिन ‘सिलेक्स’वरून, म्हणजे आपली चकमकीची गारगोटी. ‘व्हॉल्केनो’ रोमनांच्या अग्निदेवावरून, लोहाराच्या भट्टीचाही देव तोच. ‘ज्वालामुखी’ हा आपला शब्दही कांग्र्याच्या देवीचे नाव आहे, तेव्हा डोंगराच्या आगीला देवाचे नाव देणारे आपणही काही निराळे नाही. ग्रीक आणि लॅटिन यांची ही सरमिसळ पाहून जुन्या वळणाचे भाषापंडित नाक मुरडत. ज्या भाषेत ‘बसथांबा’ आणि ‘रेल्वेस्थानक’ सुखाने नांदतात, त्या भाषेने नाक मुरडण्याचे कारण नाही.

उरतो ‘कोनि’. एवढ्या लांब शब्दात आपल्याला अनोळखी असलेला हा एकच तुकडा. न्यूमोनिया, अल्ट्रासाउंड, मायक्रोस्कोप, सिलिकॉन, व्हॉल्केनो हे सगळे कुठे ना कुठे कानांवरून गेलेले असतात, ‘कोनि’ गेलेला नसतो. ग्रीक ‘कोनिस’ म्हणजे धूळ. तो ऐकून आपला ‘कण’ आठवतो, पण नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्तीची इमारत उभारू नये. लॅटिनमधला राखेचा ‘सिनिस’ त्याचा भाऊबंद मानतात. शेवटचा ‘ओसिस’ म्हणजे स्थिती किंवा विकार. ‘आयटिस’ लागला की दाह समजायचा, ‘ओसिस’ लागला की जडलेली, मुरलेली अवस्था. हा भेद लक्षात असू द्यावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता शब्द पुन्हा जोडून पाहू. पहिला तुकडा ‘न्यूमोनो’ आणि शेवटचे दोन ‘कोनि-ओसिस’ एकमेकांशेजारी ठेवले तर ‘न्यूमोनोकोनिओसिस’ होतो, आणि हा शब्द स्मिथचा नव्हे. फ्रीडरिश त्सेंकर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये, कामाच्या धुळीने फुप्फुसांना जडणाऱ्या विकारांसाठी तो घडवला. वापराने त्यातला ‘नो’ झिजला आणि आजच्या वैद्यकात ‘न्यूमोकोनिओसिस’ राहिला. लगेच १८७० मध्ये इटलीच्या व्हिस्कोंतीने त्यातल्या एका विकाराला, दगडाच्या धुळीने होणाऱ्या, ‘सिलिकोसिस’ हे सुटसुटीत नाव दिले. स्मिथने काय केले, तर त्सेंकरचा शब्द मधोमध फोडला आणि त्यात विशेषणे ठासून भरली. मध्यमपदलोपी समास आपण शाळेत शिकलो, हा मध्यमपदभरती समास. लांबीचेच कौतुक असेल तर विजयनगरच्या तिरुमलांबेने ‘वरदांबिकापरिणयचंपू’त १९५ अक्षरांचा समास लिहिला आहे. त्यापुढे स्मिथचे एकोणीस म्हणजे चिल्लर.

स्मिथने भरलेल्या पदांपैकी दोन वैद्यकदृष्ट्या फुगवलेली आहेत. अल्ट्रामायक्रोस्कोपिक म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. साधा सूक्ष्मदर्शक मायक्रॉनच्या पाचव्या हिश्शापर्यंत पाहू शकतो. फुप्फुसाच्या तळाशी पोचून घात करणारी धूळ बहुतेक पाच मायक्रॉनच्या आतली असते आणि तिचा मोठा भाग त्याला दिसतो. दिसत नाही ते आपल्या डोळ्यांना. जी धूळ उन्हाच्या कवडशात चमकते, ती बरीचशी नाकाघशातच अडते. हवा स्वच्छ वाटत असताना जी आत जाते, ती खरी. दुसरे पद ज्वालामुखीचे. राखेत स्फटिकी सिलिका असू शकते हे खरे. १९८० मध्ये अमेरिकेतला सेंट हेलेन्स फुटल्यावर त्या राखेत काम करणाऱ्या लाकूडतोड्यांची फुप्फुसे डॉक्टरांनी काही वर्षे तपासली, पण सिलिकोसिसची लाट काही आली नाही. हा रोग डोंगर फुटल्याने होत नाही. तो डोंगर फोडल्याने होतो.

आत काय घडते ते थोडक्यात. फुप्फुसाच्या कोपऱ्यात शिरलेला कण गिळून टाकायला रक्षक पेशी धावतात. कोळशाचा वा मातीचा कण त्यांना बऱ्याच अंशी सोसतो. स्फटिकी सिलिकाचा कण मात्र गिळणाऱ्या पेशीलाच मारतो आणि मोकळा होऊन पुढच्या पेशीची वाट पाहतो. प्रत्येक मरणाऱ्या पेशीभोवती व्रणासारखी गाठ धरते. स्पंजासारखे फुप्फुस हळूहळू दोरखंडासारखे होते. काम सोडले तरी आत गेलेला कण काम सोडत नाही, रोग वाढतच राहू शकतो. त्याला उतारा नाही. आणि अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. दगडकामगाराच्या छातीत अनेकदा दोन रोग एकत्र असतात आणि तपासणीत एकच नाव बाहेर येते, टीबी.

नावांचा हा गोंधळ आजचा नाही. अग्रिकोलाने १५५६ च्या आपल्या खाणशास्त्राच्या ग्रंथात कार्पेथियन डोंगरांतल्या खाणींविषयी लिहिले आहे, की तिथे सात-सात नवरे केलेल्या बायका आढळतात, सातही जणांना छातीच्या क्षयाने नेलेले. इंग्लंडातल्या कामगारांनी आपल्या दुखण्यांना आपापल्या धंद्यांची नावे दिली होती: धार लावणाऱ्यांचा दमा, कुंभारांची कूज, पाथरवटांचा क्षय. या नावांत वैद्यक कच्चे होते, पण कोणत्या कामाने मरण आले हे नावातच नोंदले जाई. मग वैद्यकाने ‘कोनि’ आणला आणि धंद्याऐवजी द्रव्य नोंदले. त्यामुळे पाथरवट, कुंभार, खाणकामगार यांचे वेगवेगळे वाटणारे विकार एका रांगेत आले. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी प्रगतीच म्हणायची. पण त्यासाठी डॉक्टरने ‘कोनि’ लिहायला तरी हवा.

स्मिथने शब्द जुळवला त्याच्या चार-पाच वर्षे आधी वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्ट इथे गॉली डोंगर पोखरून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खणला जात होता. नदीचे पाणी वळवून वीज काढायची होती. डोंगरातला दगड काही भागांत जवळजवळ शुद्ध सिलिका निघाला. काम १९३० मध्ये सुरू झाले आणि घाईने चालले. ड्रिलच्या टोकाशी पाणी सोडले तर धूळ बसते, हे तेव्हा माहीत होते, पण कोरडे ड्रिलिंग वेगात होते. बोगद्यात उतरलेल्यांत बहुसंख्य दक्षिणेकडून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. काही महिन्यांतच माणसे धापा टाकू लागली. मृत्यूच्या दाखल्यांवर न्यूमोनिया लिहिला गेला. खेरीज तिथल्या डॉक्टरांच्या तोंडी एक खास नाव होते, ‘टनेलायटिस’. ओसिस आणि आयटिसचा भेद इथे आठवावा. टनेलायटिस म्हणजे शब्दशः बोगद्याचा दाह! फुप्फुसाचे नाव नाही, धुळीचे नाव नाही, आजारी पडला तो जणू बोगदाच. १९३६ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. मृतांचा आकडा वादातच राहिला. मार्टिन चेर्नियाक या डॉक्टरने १९८६ च्या आपल्या पुस्तकात तो किमान ७६४ असा काढला. हा बोगदा आणि स्मिथचा शब्द यांचा कार्यकारणसंबंध मी लावत नाही. काळ एक होता, एवढेच. मात्र न्यूयॉर्कच्या हॉटेलात ज्या रोगाचे नाव एकोणीस अक्षरांचे झाले, तो रोग बोगद्याच्या तोंडाशी चार अक्षरांतही कुणी लिहीत नव्हते.

ज्वालामुखीचे पद फुगवलेले आहे असे मी वर म्हटले. त्याला एक अपवाद आहे, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. महाराष्ट्राचा काळा पाषाण ज्वालामुखीचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचे थर म्हणजे आपले दख्खनचे पठार. या बेसॉल्टमध्ये मोकळा स्फटिकी सिलिका वाळूच्या दगडाच्या मानाने फार कमी असतो. (म्हणून खडी केंद्राची धूळ निरुपद्रवी ठरत नाही.) पण लाव्हा थिजताना राहिलेल्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपत राहिले आणि तिथे जमली ती गारगोटी आणि अकीक. शेतात नांगराला लागणाऱ्या चकचकीत गोट्या त्याच. हाच अकीक गुजरातेत भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या परिसरात सापडतो आणि खंबायतला जाऊन त्याचे मणी होतात. मण्यांची ही परंपरा थेट लोथलपर्यंत मागे जाते, तिथल्या उत्खननात मण्यांचा कारखानाच निघाला. खंबायतचे कारागीर अकीक भाजतात, शिंगाच्या हातोडीने छिलतात, चाकावर घासतात. अकीक म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिकांचा सिलिका, ज्वालामुखीच्या खडकात जन्मलेला. घासताना त्याची जी पिठी उडते, तिच्यापुढे स्मिथच्या शब्दातले प्रत्येक पद जवळजवळ खरे ठरते. गमतीसाठी जुळवलेले नाव खंबायतच्या चाकाशी बसलेल्या माणसाला अंगच्या मापाचे होते.

त्या माणसाला ते नाव मिळणे मात्र कठीण. १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिसला सक्तीने कळवायच्या रोगांच्या यादीत घातले. असा रोगी आढळला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकाला कळवावे, असे त्या कायद्यात होते. परंतु अकीक घासला जातो घराच्या ओटीवर, आणि ओटी म्हणजे कारखाना नव्हे. नुकसानभरपाईसाठी मालक दाखवावा लागतो, तर इथे नगावर काम घेणारा कारागीर स्वतःच स्वतःचा मालक ठरतो. घरात एक घासतो, पण धूळ सगळेच घेतात. पलीकडे राजस्थानात वाळूच्या दगडाच्या खाणींतल्या कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१९ मध्ये त्या राज्याने एक स्वतंत्र धोरण केले, आणि त्याच्या शीर्षकातच त्सेंकरचा ‘न्यूमोकोनिओसिस’ आहे. तिथे वैद्यकीय मंडळाने या नावाचे प्रमाणपत्र दिले, तर कामगाराला आणि त्याच्यामागे त्याच्या कुटुंबाला शासनाचे साहाय्य मिळते. टीबी लिहिलेल्या कागदावर मिळतात ती क्षयाची औषधे. ती लागतातही, पण धुळीबद्दल त्या कागदावर अवाक्षर नसते.

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझिनीने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला काय विचारावे याची हिपोक्रेटिसपासूनची यादी त्याच्यापुढे होती. तिच्यात त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुमचा धंदा कोणता? आपल्याकडे केसपेपर काढताना नाव, वय, पत्ता विचारतात. धंदा विचारलाच तर बाहेरगावच्या खाणीवरून परतलेला माणूस ‘मजुरी’ म्हणतो आणि तेवढेच लिहिले जाते. कसली मजुरी, दगडाची की वाळूची, ओतकामाच्या साच्याची की मण्यांची, पाणी मारून की कोरडी, किती वर्षे, हे विचारायला दोन मिनिटे लागतात. एक्स-रेवर दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गाठींची नक्षी असेल आणि केसपेपरवर ‘पंधरा वर्षे दगड फोडला’ असे लिहिलेले असेल, तर पुढचा शब्द लिहिणे अवघड नाही: सि-लि-को-सिस्.